औषध सुरू आहे, तरी दिवस हातातून निसटतो: एडीएचडीसाठी कोचिंगचा उपयोग होतो का?

मोठीताई यांचा प्रश्न

नमस्कार. मला वयाच्या ३२व्या वर्षी एडीएचडीचे (अवधान टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या अवस्थेचे) निदान झाले आणि त्यानंतर काही महिन्यांतच माझ्या २० वर्षांच्या धाकट्या भावाचेही झाले. आम्हा दोघांनाही मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या औषधाने स्पष्ट फरक पडला आहे, हे आधीच सांगते, म्हणजे चर्चा औषध घ्यावे की न घ्यावे याकडे वळणार नाही. डोक्यातला गलबला कमी झाला आहे आणि एकच परिच्छेद चार वेळा वाचण्याची वेळ आता क्वचित येते. परंतु शांत झालेल्या डोक्याने नेमके कोणते काम हाती घ्यायचे, ते कधी सुरू करायचे आणि मध्येच सुटले तर परत कसे धरायचे, हे प्रश्न औषधाने सुटलेले नाहीत. माझ्याकडे नोंदवह्या आहेत, मोबाइलमध्ये कामांच्या याद्यांची ॲप्स आहेत, भिंतीवर वेळापत्रक आहे. यांपैकी प्रत्येक गोष्ट थोडे दिवस चालते आणि मग माझ्या नजरेला ती दिसेनाशीच होते.

भावाची अडचण निराळी आहे. शाळेत असताना आईची आठवण आणि शिक्षकांची नजर यांच्या बळावर तो व्यवस्थित चालला. महाविद्यालयात ती चौकट निघून गेली आणि तो कोसळला. आवडीच्या विषयावर तो रात्रभर तल्लीन होऊन काम करतो, पण प्रकल्पाची मुदत वाढवून मागणारे दोन ओळींचे पत्र त्याच्याकडून आठवडेच्या आठवडे लिहून होत नाही. 'आरंभशूर' हा शब्द त्याने इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो नवे काही सुरूच करायला घाबरतो.

डॉक्टरांनी एडीएचडीची माहिती असलेला कोच पाहावा, असे सुचवले आहे. कोचिंग हे समुपदेशनापेक्षा वेगळे कसे? सत्रात प्रत्यक्षात काय होते? त्याचा उपयोग होतो याला काही शास्त्रीय आधार आहे का? आणि भाऊ म्हणतो, "मला आणखी एक सांगणारा माणूस नको," त्याला मी काय उत्तर द्यावे? ज्यांना यातले माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सोबती यांचे उत्तर

मी तरुण आणि प्रौढ अशा दोन्ही वयोगटांतील न्यूरोडायव्हर्जंट (एडीएचडीसारख्या, मेंदूची काम करण्याची रीत वेगळी असलेल्या) व्यक्तींबरोबर कोच म्हणून काम करतो. तुमच्या भावाच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते अगदी रास्त आहे. त्याला आजवर भेटलेल्या बहुतेक मोठ्या माणसांनी काय करायला हवे हे सांगितले असणार, आणि ते त्याला सांगण्याआधीच ठाऊक असणार. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकापासून सातत्याने मांडलेला मुद्दा हाच आहे की एडीएचडीमध्ये ज्ञान कमी नसते. असलेले ज्ञान योग्य क्षणी कृतीत उतरवणारी यंत्रणा अडखळते. कळते, पण वळत नाही, अशी ही स्थिती आहे, आणि म्हणून कळण्याच्या बाजूला कितीही भर घातली तरी वळण्याच्या बाजूला काही हलत नाही. मदत पोहोचायला हवी ती जिथे आणि जेव्हा काम अडते तिथे आणि तेव्हा. मला विचाराल तर एडीएचडी कोचिंगचा सगळा अर्थ या एका गोष्टीत आहे.

आता सत्रात काय होते ते सांगतो. पहिल्या एकदोन भेटींत मी आयुष्याची ध्येये विचारत नाही, कारण ध्येयांच्या याद्या या लोकांनी पुष्कळ केलेल्या असतात आणि त्यातली प्रत्येक यादी पुढे जाऊन अपयशाचा पुरावा ठरलेली असते. आम्ही अडलेले एकच काम घेतो. तुमच्या भावाचे ते पत्रच घ्या. "पत्र का लिहिले नाहीस?" या प्रश्नाला फक्त बचाव किंवा माफी एवढीच उत्तरे मिळतात. "मागच्या वेळी लिहायला बसलास तेव्हा समोर काय होते, पहिला शब्द कोणता सुचला, आणि उठलास तो कोणत्या क्षणी?" असे विचारले की खरी माहिती हाती येते. कुणी संबोधनापाशीच थांबतो, कारण इतक्या उशिराने लिहिताना कोणत्या सुरात बोलावे हे कळत नाही. कुणाला उशिराचे कारण पूर्णपणे आणि प्रामाणिकपणे लिहायचे असते, ते कारण दोन पाने होते, आणि मग ते पाठवणे अशक्य होऊन बसते. कुणी पत्र लिहायला मोबाइल हातात घेतो आणि वाटेत आलेल्या सूचनेबरोबर वाहून जातो. बाहेरून तिघांचीही चालढकल सारखीच दिसते, पण आतले अडथळे तीन आहेत आणि त्यांवरचे उपायही तीन आहेत. पहिल्याबरोबर आम्ही संबोधन ठरवतो, दुसऱ्याबरोबर कारणाची मर्यादा एका वाक्यावर आणतो, तिसऱ्याबरोबर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून संगणकावर लिहितो. शक्य असेल तर ते पत्र सत्र चालू असतानाच लिहून पाठवले जाते. मी त्यातला शब्दही सुचवत नाही; मी फक्त समोर असतो. दुसऱ्या माणसाच्या नुसत्या उपस्थितीने काम सुरू होणे सोपे जाते, असा अनुभव एडीएचडी असलेल्या असंख्य व्यक्ती सांगतात, आणि त्यासाठी 'बॉडी डबलिंग' हे नाव आता रूढ झाले आहे.

याशिवाय काही साधने आहेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात मांडलेली 'जर-तर' पद्धतीची योजना मी फार वापरतो: "संध्याकाळी अभ्यास करीन" या निश्चयाऐवजी "जेवणाचे ताट उचलून ठेवले की टेबलापाशी बसून वही उघडीन" असे ठरवायचे, म्हणजे काम केव्हा सुरू करायचे हा निर्णय त्या क्षणी घ्यावा लागत नाही, समोरची खूणच तो घेते. एडीएचडी असलेल्या मुलांवर कातेरिना गाव्रिलोव्ह आणि गोलविट्झर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा योजनांनी आवर घालण्याच्या क्षमतेला मदत झाल्याचे दिसले होते. वेळेच्या बाबतीत मी अंदाज आणि वास्तव शेजारी शेजारी लिहायला सांगतो: या कामाला किती वेळ लागेल असे वाटले, आणि प्रत्यक्षात किती लागला. थोड्याच दिवसांत त्या व्यक्तीला स्वतःच्या अंदाजातली चूक ठरावीक दिशेची आहे हे दिसते, आणि मग त्या चुकीचा हिशेब धरून आखणी करता येते. काट्यांचे घड्याळ किंवा उरलेला वेळ रंगाच्या पट्टीने दाखवणारा टायमर अंकांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात वेळ सरकताना दिसतो.

तुम्ही लिहिले आहे की प्रत्येक साधन थोडे दिवस चालते आणि मग दिसेनासे होते. याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच स्वतःला दोष देऊन थांबतात. नावीन्य ओसरले की साधनाची पकड सुटणे हे एडीएचडीत अपेक्षितच आहे. त्यामुळे मी कोणतीही पद्धत कायमची म्हणून बसवत नाही. सुरुवातीलाच आम्ही ठरवतो की ही पद्धत एक दिवस निकामी होईल, ती निकामी झाल्याची पहिली खूण कोणती असेल, आणि त्या वेळी कोणता बदल करायचा: वहीची जागा, रंग, वेळ, किंवा संपूर्ण पद्धतच. जुनी पद्धत काही महिन्यांनी पुन्हा नवी वाटू लागते आणि परत वापरता येते, म्हणून ती फेकून द्यायची नसते. एवढा एक विचार मनात बसला की साधन संपल्याचे दुःख पुष्कळ हलके होते.

दोन सत्रांच्या मध्ये छोटा संदेश पाठवण्याची सोय असते, आणि उत्तर आले नाही तर मी काय करावे हे त्या व्यक्तीनेच आधी ठरवून दिलेले असते. काहींना पुन्हा एकदा विचारलेले हवे असते, काहींना ते ओझे वाटते. ठरवलेले काम झाले नाही म्हणून सत्र रद्द करू नये, उलट त्याच आठवड्यात जरूर यावे, असे मी आग्रहाने सांगतो, कारण न झालेल्या कामातून अडथळ्याची जितकी माहिती मिळते तितकी झालेल्या कामातून मिळत नाही.

तरुणांबरोबरचे काम आणि प्रौढांबरोबरचे काम यांत फरक आहे. तुमच्या भावाच्या वयाला घरची चौकट अचानक सुटलेली असते, आणि ती जागा भरून निघेपर्यंत त्याला बाहेरून आधार लागणे हे लाजिरवाणे नाही. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात मेंदूचे बाह्यावरण सर्वाधिक जाडीपर्यंत पोहोचण्याचे मध्यक वय एडीएचडी असलेल्या मुलांत १०.५ वर्षे आणि इतर मुलांत ७.५ वर्षे आढळले होते. ते आकडे लहान मुलांचे आहेत आणि २० वर्षांच्या मुलाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण समवयस्कांच्या वेळापत्रकाने त्याला मोजू नये एवढे त्यावरून घरच्यांना सांगता येते. तुमच्यासारख्या प्रौढ वयात निदान झालेल्या व्यक्तीबरोबर मात्र सुरुवातीचा बराच काळ जुन्या समजुती तपासण्यात जातो. मी आळशी आहे, मी बेजबाबदार आहे, हे इतकी वर्षे खरे मानलेले असते की नवीन पद्धत वापरून पाहण्याआधीच ती फसणार असे मनाने ठरवून टाकलेले असते. ही चर्चा महत्त्वाची आहे, पण ती फार खोल जाऊ लागली तर ते काम कोचचे राहत नाही. त्याबद्दल या विषयातील तज्ज्ञ अधिक नीट लिहू शकतील.

चिकित्सक यांचे उत्तर

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे पुरावा आणि मर्यादा या दोन बाजूंबद्दल लिहितो.

आधी एक छोटी गोष्ट: एकाच घरात दोघांना निदान होणे मुळीच आश्चर्याचे नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीतील आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के असल्याचे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. शिवाय स्त्रियांचे निदान उशिरा होणे फार सर्रास घडते, कारण त्यांच्यात उघड चंचलतेपेक्षा अवधानाच्या अडचणी अधिक असतात आणि वर्गात शांत बसलेल्या मुलीकडे कुणाचे लक्ष जात नाही.

आता पुराव्याकडे येतो. एडीएचडीसाठी कोचिंगची कल्पना व्यापक वाचकांपर्यंत पोहोचली ती एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ सालच्या लेखनातून. त्यानंतर झालेले संशोधन बरेचसे विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर आहे. त्यात अभ्यासाची कौशल्ये, स्वनियमन आणि स्वतःबद्दलची भावना सुधारल्याचे आढळते. परंतु गट लहान आहेत आणि यादृच्छिक पद्धतीने विभागणी केलेले अभ्यास थोडे आहेत. म्हणून कोचिंगचे निष्कर्ष आशादायक आहेत असे म्हणावे, सिद्ध झाले आहेत असे म्हणू नये. याच्या शेजारी बोधात्मक वर्तनोपचाराचा (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा) पुरावा ठेवला तर तो अधिक भक्कम आहे. स्टीव्हन सेफ्रन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या ८६ प्रौढांची दोन गटांत विभागणी केली होती. नियोजन, विचलनावर नियंत्रण आणि विचारांची पुनर्मांडणी शिकवणाऱ्या वर्तनोपचाराचा परिणाम शिथिलीकरण आणि माहिती देणाऱ्या उपचारापेक्षा चांगला दिसला. तुमची स्थिती या गटासारखीच आहे, म्हणून हा अभ्यास तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल.

त्याच वर्षीचा मेरी सोलान्टो यांचा अभ्यास मला या चर्चेत आणखी महत्त्वाचा वाटतो. त्यात ८८ प्रौढांपैकी काहींना वेळेचे आणि कामाचे नियोजन शिकवणारा १२ आठवड्यांचा गटोपचार दिला गेला आणि उरलेल्यांना केवळ आधार देणारा गटोपचार. अवधानाच्या लक्षणांत नियोजन शिकलेल्या गटाची सुधारणा अधिक होती. याचा अर्थ प्रेमाने ऐकून घेणे निरुपयोगी आहे असा नाही. आपुलकी नसेल तर ही माणसे दुसऱ्या भेटीला येत नाहीत, कारण टीका सोसण्याची त्यांची ताकद आधीच संपलेली असते. पण नुसत्या आपुलकीने अर्ज भरला जात नाही. ज्या कोचिंगमध्ये पाठिंबा आणि ठोस रचना या दोन्ही गोष्टी एकत्र असतात तेच निवडावे, असे माझे मत आहे, आणि 'सोबती' यांनी वर्णन केलेली कामाची रीत मला त्या जातीची वाटते.

समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ भूतकाळातील जखमा, नैराश्य, चिंता, नातेसंबंधांतील गुंते यांवर काम करतो. कोच आजच्या आणि येत्या आठवड्याच्या कृतीवर काम करतो. प्रत्यक्षात सीमारेषा इतकी सरळ नसते, कारण एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि काम सुरू न होण्यामागे एडीएचडी आहे की उदासीनता, हे बाहेरून लगेच ओळखता येत नाही. तुमचा भाऊ नवे काही सुरू करायला घाबरतो, असे तुम्ही लिहिले आहे. आवडीच्या कामातली त्याची तल्लीनता टिकून असेल तर ते एक चांगले लक्षण आहे. पण आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बदलली असेल, निराशेची भाषा येत असेल, व्यसन वाढत असेल, तर कोचकडे जाण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. स्वतःला इजा करण्याचे विचार असतील तर त्याच दिवशी. झोपेबद्दल वेगळे विचारा, कारण उशिरा झोप येण्याची प्रवृत्ती एडीएचडीत फार आढळते आणि रात्रभर जागलेल्या मेंदूवर कोणतीही नियोजनाची पद्धत टिकत नाही.

कोच निवडण्याबद्दल. कोच ही पदवी बहुतेक ठिकाणी कायद्याने संरक्षित नाही. कुणीही ती लावू शकतो. म्हणून पहिल्या भेटीत संकोच न करता विचारा: एडीएचडीचे प्रशिक्षण कुठे आणि किती घेतले, या विषयातल्या अनुभवी व्यक्तीकडून स्वतःच्या कामाची नियमित तपासणी करून घेता का, एखादी गोष्ट तुमच्या आवाक्याबाहेर आहे हे कसे ओळखता आणि तेव्हा कुणाकडे पाठवता. या शेवटच्या प्रश्नाला ठोस उत्तर नसेल तर तिथेच थांबा. औषध बंद करायला सांगणारा, एडीएचडी मुळासकट घालवण्याची हमी देणारा किंवा मोठ्या रकमेचा करार पहिल्याच भेटीत करून घेणारा कोच नको. निदान करणे आणि मात्रेत बदल सुचवणे ही त्याची कामे नाहीत. स्वतःला एडीएचडी असलेले अनेक चांगले कोच आहेत, पण केवळ स्वानुभव हे प्रशिक्षण नव्हे, कारण स्वतःला लागू पडलेली युक्ती दुसऱ्याला लागू पडेलच असे नसते.

उशिराचे_निदान यांचे उत्तर

माझे निदान चाळिशीनंतर झाले आणि मी बराच काळ कोचिंग घेतले, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहिते.

मला सर्वांत मोठा उपयोग झाला तो कामाच्या ठिकाणी काय मागायचे हे शब्दांत मांडता आल्याचा. बैठकीत तोंडी सांगितलेले काम माझ्याकडून सुटायचे आणि वरिष्ठांना तो निष्काळजीपणा वाटायचा. कोचने माझ्याबरोबर बसून, नेमकी कोणत्या प्रकारची माहिती सुटते ते शोधले: तारखा टिकत होत्या, पण काम कोणी कोणाला द्यायचे हा क्रम टिकत नव्हता. मग मी बैठक संपताच दोन ओळींचा सारांश पाठवून "माझ्याकडून एवढे अपेक्षित आहे, असे मी समजते, काही राहिले असल्यास कळवावे" असे विचारू लागले. निदानाबद्दल कुणालाही सांगावे लागले नाही. सांगायचे की नाही, कुणाला आणि कधी, यावरही आमची चर्चा झाली होती, आणि तो निर्णय सर्वस्वी माझा राहील याची कोचने काळजी घेतली.

जे आठवडे पूर्णपणे वाया गेले असे मला वाटायचे, त्या आठवड्यांनंतरची सत्रे मी टाळू पाहत असे. तेव्हा कोचने एकदा विचारले की या आठवड्यात जे कोसळले नाही ते काय होते. मला वाटले होते की काहीच नाही, पण औषधे वेळेवर घेतली गेली होती, मुलीच्या शाळेचा अर्ज गेला होता. त्या दोन गोष्टी का टिकल्या हे पाहिल्यावर लक्षात आले की दोन्हींच्या मागे दुसऱ्या कुणाशी तरी ठरवलेली वेळ होती. तेव्हापासून महत्त्वाचे काम मी एकटीच्या यादीत ठेवत नाही. कुणाला तरी वेळ देऊन ठेवते.

कोचिंगने जे झाले नाही तेही सांगायला हवे. एवढी वर्षे निदानाविना गेल्याचा शोक कोचिंगमध्ये मावला नाही, त्यासाठी मला समुपदेशकाकडेच जावे लागले, आणि काही काळ दोन्ही समांतर चालले. आधीच्या एका कोचबरोबर माझे जमले नव्हते; त्या अत्यंत शिस्तप्रिय होत्या आणि त्यांच्या पद्धती चांगल्या असूनही मी त्यांच्यासमोर खरे बोलू शकत नव्हते. काम झाले नसताना झाले आहे असे सांगावेसे वाटू लागले तर कोच बदलावा, असे मला ठामपणे वाटते. लाज हे आमचे सर्वांत जुने इंधन आहे, त्यावर काही काळ गाडी धावतेही, पण आता ते वापरायचे नाही, हे समोरच्यालाही कळले पाहिजे.

मोठीताई

तिघांचेही मनापासून आभार. मी डॉक्टरांशी वर्तनोपचाराबद्दल बोलणार आहे आणि भावाच्या झोपेबद्दलही. आवडीच्या कामातली त्याची तल्लीनता अजून तशीच आहे, त्यामुळे थोडा धीर आला.

आता दोन प्रश्न उरतात. आईवडील खर्च करायला तयार आहेत, पण कोचने दर आठवड्याला त्यांना अहवाल द्यावा अशी त्यांची अपेक्षा आहे. आणि कोच मिळेपर्यंत मीच भावाबरोबर हे काम करावे का? मला त्याची अडचण आतून कळते, असे वाटते.

सोबती यांचे उत्तर

अहवालाच्या अपेक्षेमागे आईवडिलांची काळजी आहे, तिचा अनादर करू नये. तरीही भाऊ सज्ञान आहे, आणि सत्रात बोललेले घरी पोहोचते हे कळल्यावर तो कोचला तेवढेच सांगेल जेवढे घरी सांगतो. मी अशा वेळी सुरुवातीलाच सर्वांना एकत्र बसवून नियम ठरवतो: तो सत्राला येतो की नाही एवढेच घरच्यांना कळेल, बाकी काय सांगायचे ते तो सांगेल, जिवाला धोका असल्यास मात्र गोपनीयता लागू राहणार नाही, हे त्यालाही आधीच माहीत असेल. आईवडिलांना स्वतःचे प्रश्न असतील, आठवण किती वेळा करावी, पैशाची जबाबदारी कशी सोपवावी, तर त्यांनी त्यासाठी वेगळी भेट घ्यावी. अनेक घरांत या वेगळ्या भेटीमुळेच वातावरण निवळते, कारण त्यांना कुणीतरी ऐकून घेतलेले असते.

तुम्ही त्याच्या कोच होऊ नये, असे मला वाटते. अडचण आतून कळणे ही मोठी गोष्ट आहे, पण बहीण कोच झाली की अपूर्ण राहिलेले प्रत्येक काम नात्यात शिरते, आणि तुमच्या स्वतःच्या न झालेल्या कामांचा भारही त्यात मिसळतो. त्याऐवजी दोघांनी ठरावीक वेळी एकत्र बसून आपापले काम करावे, एकमेकांच्या कामाबद्दल काहीही न विचारता. सुरुवातीला मी काय करणार आहे हे एका वाक्यात सांगायचे, शेवटी तेवढेच सांगायचे, आणि उठायचे. हे बहीण म्हणून करता येते.

त्याच्या "सांगणारा माणूस नको" या म्हणण्याला उत्तर देण्याऐवजी ते त्याच्या हातात द्या. दोनतीन कोचशी पहिली ओळखभेट त्यानेच घ्यावी, 'चिकित्सक' यांनी दिलेले प्रश्न त्यानेच विचारावेत, त्यात "मी काम केले नाही तर तुम्ही काय म्हणाल?" हा प्रश्न त्याने स्वतःच्या वतीने जोडावा, आणि कुणीच पटले नाही तर नाही म्हणण्याचा अधिकार त्याचा असावा. त्याने निवडलेल्या कोचबरोबर काही आठवडे करून पाहावे आणि मग पुढे जायचे की थांबायचे ते ठरवावे, असा मुदतीचा करार असेल तर होकार देणे सोपे जाते. ओळखभेटीसाठी संदेश पाठवणे हे त्याच्या त्या अडलेल्या पत्राइतकेच जड वाटू शकते, हे आधीच धरून चाला. तो लिहीत असताना शेजारी बसा, पण संदेशाचा मजकूर त्याचाच असू द्या.